घड्याळाच्या पाठीवरचा आकडा

११ डिसेंबर २०२१ रोजी न्यूयॉर्क येथे फिलिप्स या लिलावगृहाच्या विक्रीत एक पोलादी मनगटी घड्याळ पुकारण्यात आले. त्यावर हिरे नव्हते, सोने नव्हते आणि वेळ व तारीख यांखेरीज ते काही दाखवीतही नव्हते. वेगळेपण होते ते तबकडीच्या रंगात. टिफनी या अमेरिकी जवाहिऱ्यांचे दागिने ज्या डबीतून मिळतात, त्या डबीचाच तो फिकट निळसर-हिरवा रंग. दुकानातील किंमत ५२,६३५ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ४० लाख रुपये. बोली थांबली तेव्हा लिलावगृहाच्या दलालीसह ही रक्कम सुमारे ६५ लाख डॉलरवर, म्हणजेच जवळजवळ ४९ कोटी रुपयांवर गेली होती. दुकानातील किमतीच्या जवळपास सव्वाशे पट!

ही विक्री द नेचर कॉन्झर्व्हन्सी या निसर्गरक्षण करणाऱ्या संस्थेच्या मदतीसाठी होती. त्यामुळे या आकड्यात दानाचाही वाटा होता, हे मान्य करावे लागेल. तरीही घड्याळाविषयीची ओढ उरतेच. जिनिव्हाच्या पाटेक फिलीप या कंपनीने 'नॉटिलस ५७११' या आपल्या घड्याळाची ही खास आवृत्ती केवळ १७० नगांची काढली होती. पाटेक आणि टिफनी यांचे व्यापारी संबंध १८५१ मध्ये जुळले, त्यास १७० वर्षे झाली म्हणून नगही १७०. लिलावातील एक नग वगळता बाकीचे सारे टिफनीच्या अमेरिकेतील निवडक दुकानांतून, निवडक ग्राहकांना, छापील किमतीतच देण्यात आले. दुकानात कोणीही जाऊन पैसे मोजावेत आणि घड्याळ घेऊन बाहेर पडावे, असा हा व्यवहार नव्हता.

महागड्या घड्याळांच्या जगात 'मर्यादित आवृत्ती' हे शब्द गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इतके सैल झाले आहेत, की झाकणावर कोरलेला आकडा नेमके काय सांगतो हे समजून घेतल्याशिवाय त्यासाठी जादा पैसे मोजणे धोक्याचे ठरू शकते. किती घड्याळे केली, एवढेच तो आकडा सांगतो. ती तेवढीच का केली, हे तो सांगत नाही; आणि घड्याळाचे मोल बव्हंशी या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

आकडा येतो कोठून?

कित्येकदा तो पंचांगातून येतो, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. ओमेगा या कंपनीचे उदाहरण पाहू. तिचे 'स्पीडमास्टर' हे घड्याळ चांद्रमोहिमांत अंतराळवीरांच्या मनगटावर होते. १९७० मधील अपोलो १३ ही मोहीम स्फोटामुळे संकटात सापडली आणि अंतराळवीर कसेबसे पृथ्वीवर परतले. या प्रसंगाच्या ४५ व्या वर्षी, २०१५ मध्ये, ओमेगाने जे खास स्पीडमास्टर काढले, त्याचे नग होते १,९७०. त्याआधी २००३ मध्ये याच मोहिमेच्या स्मरणार्थ काढलेल्या घड्याळाचे नग होते ५,४४१. कारण मोहीम १४२ तास ५४ मिनिटे आणि ४१ सेकंद चालली होती. मनुष्य चंद्रावर उतरला त्यास २०१९ मध्ये पन्नास वर्षे झाली, तेव्हाच्या पोलादी आवृत्तीचे नग ६,९६९. हे आकडे सुबक आहेत, पण घड्याळ घडविण्याच्या कामाशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. ठरविले असते तर कारखान्याला याच्या दुप्पटही काढता आली असती.

याच कंपनीची एक जुनी आवृत्ती मात्र निराळ्या तऱ्हेची होती. १९६९ च्या चांद्रविजयानंतर ओमेगाने सोन्याचे स्पीडमास्टर काढले, एकूण १,०१४ नग. त्यातील पहिले काही नग विक्रीसाठी नव्हतेच. त्या वर्षी २५ नोव्हेंबर रोजी ह्यूस्टनमध्ये अंतराळवीरांना मेजवानी देऊन ते भेट देण्यात आले. पहिल्या क्रमांकाचे घड्याळ राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्यासाठी आणि दुसऱ्या क्रमांकाचे उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो अॅग्न्यू यांच्यासाठी राखून ठेवले होते. इतकी मौल्यवान भेट स्वीकारणे सरकारी नियमांत बसत नसल्याने निक्सन यांनी ती नाकारली. क्रमांक असलेल्या घड्याळाला पुढे जी कथा चिकटते, ती अशी. २०१९ मध्ये कंपनीने या घड्याळाची नवी सुवर्ण आवृत्ती काढली तेव्हा नग पुन्हा १,०१४ च ठेवले, यावरून जुन्या आकड्याचे वजन कळावे.

झाकणावरील मजकूर नीट वाचणेही आवश्यक असते. '२७/५००' असे कोरलेले असल्यास तो पाचशेपैकी सत्ताविसावा नग आणि त्याची कंपनीच्या दप्तरी स्वतंत्र नोंद. 'पाचशेपैकी एक' एवढेच लिहिलेले असल्यास पाचशेही घड्याळांवर तोच मजकूर असतो. कंपनीच्या दृष्टीने हे सोपे पडते, कारण भाग्यांकाचा किंवा जन्मतारखेचा क्रमांक मागणाऱ्या ग्राहकांची समजूत काढत बसावे लागत नाही. याखेरीज आणखी एक पळवाट असते. पोलादात पाचशे, सोन्यात शंभर, प्लॅटिनममध्ये पन्नास; मग तेच घड्याळ हिरव्या तबकडीत एका देशासाठी, निळ्या तबकडीत दुसऱ्या देशातील एका दुकानमालिकेसाठी. प्रत्येक आवृत्ती मर्यादित, पण एकत्र मोजल्यास दुकानभर होतील. ओमेगाने स्पीडमास्टरच्याच अशा आवृत्त्या डझनांनी काढल्या आणि एका काळानंतर जुने चाहतेच त्यावर कुरकुरू लागले. त्या कुरकुरीत तथ्य होते, असे नमूद करावेसे वाटते.

हाताची मर्यादा

मुळात यांत्रिक घड्याळ ही संग्रहाची वस्तू झाली, ती एका संकटातून. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने 'अॅस्ट्रॉन' हे क्वार्ट्झवर चालणारे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले. त्याची किंमत तेव्हा साडेचार लाख येन होती, पण पुढच्या दहा-बारा वर्षांत हे तंत्र इतके स्वस्त झाले, की कोणत्याही उत्तम स्विस यंत्रापेक्षा अचूक वेळ दाखविणारे घड्याळ कोणालाही परवडू लागले. स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगात १९७० च्या सुमारास ९० हजारांच्या घरात माणसे होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती संख्या ३० हजारांच्या आसपास आली. वेळ पाहण्यासाठी यांत्रिक घड्याळाची गरज उरली नाही. जे उरले, ते कारागिरीच्या आणि प्रतिष्ठेच्या आधारे.

या कारागिरीचे दर्शन घडते ते जिनिव्हाच्या उत्तरेला असलेल्या व्हाले द जू या थंड, बर्फाळ खोऱ्यात. हिवाळ्यात शेती बंद, म्हणून घराघरांत घड्याळाचे सुटे भाग घडविण्याचा येथे जुना रिवाज. १९४८ मध्ये जन्मलेले फिलिप द्यूफोर याच खोऱ्यातले. २००० मध्ये त्यांनी 'सिम्प्लिसिटी' या नावाचे घड्याळ सादर केले. तास, मिनिट आणि खाली सेकंदाची छोटी तबकडी. तारीखही नाही. रोज चावी द्यावी लागते. अशी शंभर घड्याळे करावयाची त्यांनी ठरविले होते. मागणीमुळे ती संख्या दुप्पट झाली आणि पूर्ण होण्यास दशकाहून अधिक काळ लागला. बरीचशी जपानी संग्राहकांनी घेतली.

दोनशे घड्याळांना एवढी वर्षे का लागावीत? घड्याळाच्या आत चाके धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या असतात. त्यांच्या कडा नुसत्या कापून न ठेवता त्यांना तिरका उतार देऊन आरशासारखी झिलई आणली जाते. सरळ कडेवर हे काम यंत्रही करते. परंतु दोन कडा जेथे आतल्या बाजूस एकमेकींना भेटतात, तेथे फिरत्या हत्याराला तीक्ष्ण कोन साधता येत नाही. तो कोपरा गोलसरच राहतो. टोकदार कोपरा हवा असेल तर माणसाने हातात कानस घेऊन बसावे लागते आणि शेवटची झिलई जेन्शियन या डोंगरी वनस्पतीच्या वाळलेल्या काडीने, वर बारीक चूर्ण लावून, घासून आणावी लागते. घड्याळ मनगटावर असताना यातले काहीच दिसत नाही. झाकण उघडून भिंगातून पाहणाऱ्यालाच ते कळते. जाणकार संग्राहक एखादे घड्याळ हाती आल्यावर तबकडीकडे न पाहता आधी ते उलटे का करतात, याचे कारण हे आहे.

२०२० मध्ये सिम्प्लिसिटीला वीस वर्षे झाली म्हणून द्यूफोर यांनी आणखी २० नग करण्याचे जाहीर केले. त्यातील '००/२०' असा क्रमांक असलेला नग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जिनिव्हात लिलावास आला व १३ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीस गेला. येथेही झाकणावर आकडा आहेच. फरक एवढाच, की हा आकडा एका वयोवृद्ध कारागिराच्या हाताच्या वेगाने ठरलेला आहे. त्याने दोन हजार करावयाचे म्हटले तरी ते होणे नाही.

आकडा नसलेली टंचाई

पुन्हा नॉटिलसकडे वळू. कारण लिलावातील ती किंमत केवळ १७० या आकड्याची नव्हती. नॉटिलसचा मूळ आराखडा जेराल्ड जेंटा या स्विस कलावंताने केला आणि घड्याळ १९७६ मध्ये बाजारात आले. जहाजाच्या बाजूला असलेल्या गोलाकार खिडकीवरून त्याचा घाट सुचलेला. कडेला बिजागरीसारखे दोन कान. त्याआधी १९७२ मध्ये जेंटा यांनीच ओडेमार पिगे या कंपनीसाठी 'रॉयल ओक' आखले होते. पोलादी घड्याळाला सोन्याच्या घड्याळाच्या तोडीची किंमत लावण्याचे धाडस या दोन घड्याळांनी केले. क्वार्ट्झच्या तडाख्यात स्विस कारखाने बंद पडत असताना केलेले ते धाडस होते.

२००६ मध्ये नॉटिलसचे ५७११ हे रूप आले. ते कधीच क्रमांकित, मर्यादित नव्हते. कंपनीच्या नेहमीच्या सूचीतले घड्याळ होते. परंतु पाटेक वर्षाकाठी सर्व प्रकारची मिळून साठ-सत्तर हजारच घड्याळे करते आणि आपली कंपनी एका पोलादी घड्याळाच्या नावाने ओळखली जाऊ नये, असा तिच्या मालकांचा, म्हणजे १९३२ पासून कंपनी चालविणाऱ्या स्टर्न घराण्याचा, आग्रह आहे. त्यामुळे ५७११ ची संख्या जाणूनबुजून कमी ठेवली जाई. परिणामी अधिकृत विक्रेत्यांकडे वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षा याद्या आणि बाहेरच्या बाजारात छापील किमतीच्या कित्येक पट भाव. २०२१ च्या आरंभी कंपनीने ५७११ बंद होत असल्याचे जाहीर केले आणि एप्रिलमध्ये निरोपादाखल हिरव्या तबकडीची आवृत्ती काढली. सुमारे ३५ हजार डॉलर किमतीचे हे हिरवे घड्याळ तीनच महिन्यांत मोनॅको येथील अँटिकोरमच्या लिलावात आले, तेही कारखान्याच्या प्लॅस्टिकच्या वेष्टनासह, मनगटावर एकदाही न चढलेले. त्यास चार लाख युरोंहून अधिक किंमत मिळाली. टिफनीची आवृत्ती आली ती या तापलेल्या तव्यावर.

या टंचाईने विक्रेत्यांच्या हाती भलतीच सत्ता दिली, हे येथे सांगितले पाहिजे. हवे ते घड्याळ मिळण्यासाठी आधी त्याच दुकानातून नको असलेली दोन-चार घड्याळे किंवा दागिने घ्यावे लागतात, असा अनुभव जगभरातील संग्राहक सांगतात. कोणत्याही सूचीत हा नियम छापलेला नसतो. लाखो रुपये खर्च करणाऱ्या ग्राहकाने वशिल्यासाठी उमेदवारी करावी, हा प्रकार हास्यास्पद वाटला तरी तो घडतो.

टंचाई किमतीवर अवलंबून नसते, याचाही दाखला लगेच मिळाला. २६ मार्च २०२२ रोजी स्वॉच आणि ओमेगा यांनी मिळून 'मूनस्वॉच' आणले. रूप स्पीडमास्टरचे, आत क्वार्ट्झ, किंमत २५० फ्रँक. हे मर्यादित नाही असे कंपनीने सांगितले होते, पण विक्री निवडक दुकानांतूनच ठेवली. लंडनसह अनेक शहरांत रात्रीपासून रांगा लागल्या, रेटारेटी झाली, काही दुकाने उघडताच बंद करावी लागली आणि त्याच दिवशी ती घड्याळे कित्येक पट भावाने विकावयास निघाली. नंतर पुरवठा वाढला, भाव उतरला. त्याच वसंतात महागड्या घड्याळांच्या दुय्यम बाजारानेही शिखर गाठले आणि पुढे दीर्घ घसरण सुरू झाली. ज्यांनी शिखरावर ५७११ विकत घेतले, त्यांचे घड्याळ दुर्मीळ राहिले खरे. गुंतवणूक मात्र राहिली नाही.

कागद खरे, घड्याळ?

आकड्यावर आणि कागदांवर सारा डोलारा उभा असला, की त्यांतच गफलत करण्याचा मोह होणार. ५ नोव्हेंबर २०२१ रोजी जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात ओमेगाचे १९५७ चे, पहिल्या पिढीतील एक स्पीडमास्टर आले. अंदाजित किंमत ८० हजार ते १ लाख २० हजार फ्रँक. वर्षानुवर्षांच्या उन्हाने त्याची काळी तबकडी तपकिरी झाल्याचे दिसत होते आणि संग्राहक अशा तबकडीवर जीव टाकतात. घड्याळ विकले गेले ३१,१५,५०० फ्रँकना, म्हणजे सुमारे २५ कोटी रुपयांना. २०२३ मध्ये नॉये झ्युर्चर झायटुंग या स्विस दैनिकाने या घड्याळाविषयीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पाठोपाठ ओमेगाने मान्य केले, की हे घड्याळ निरनिराळ्या ठिकाणच्या सुट्या भागांची जुळवाजुळव करून बनविलेले होते. आणखी धक्कादायक बाब म्हणजे ते घेणारी कंपनी स्वतः ओमेगाच होती. आपल्या संग्रहालयासाठी तिने ते घेतले होते. या प्रकारात आपल्या तिघा माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचा आरोप करून कंपनीने फौजदारी तक्रार केली. घड्याळाचा क्रमांक, प्रकार आणि निर्मितीची तारीख ओमेगाकडूनच पडताळून घेतली होती, असे फिलिप्सचे म्हणणे होते. म्हणजे ज्या दप्तराने खरे-खोटे ठरवावयाचे, त्याच्या नोंदीशी घड्याळ जुळत होते. घड्याळच जागेवर नव्हते.

हा प्रकार मुंबईकरांना अगदीच अनोळखी वाटू नये. जुन्या घड्याळांच्या परदेशी संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' अशी एक संज्ञा रूढ आहे, आणि ती कौतुकाची नाही. एचएमटी, सेको, सिटिझन वा जुन्या स्विस घड्याळाची तबकडी नव्याने रंगवून, भलत्याच घड्याळाचे काटे बसवून, चकचकीत करून परदेशी पाठविलेला माल असा तिचा अर्थ. बेंगळुरूच्या एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. त्यानंतर 'जनता', 'पायलट' यांसारखी एके काळी लग्नात आणि नोकरी लागल्यावर भेट म्हणून मिळणारी साधी घड्याळे संग्राहक शोधू लागले. त्यांच्या झाकणावर कोणताही खास आकडा नव्हता. कारखानाच थांबला, म्हणून ती मोजकी झाली. रंगवलेल्या तबकड्यांचा धंदाही त्याबरोबर फोफावला. ज्यांच्या घरी आजोबांचे एचएमटी कपाटात पडून आहे, त्यांनी तबकडी नवीकोरी करून घेण्याच्या फंदात पडू नये. जाणकाराच्या लेखी डागाळलेली मूळ तबकडी नव्या रंगापेक्षा मोलाची असते.

नवी मर्यादित आवृत्ती भारतात घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन बदल लक्षात घेण्याजोगे आहेत. स्वित्झर्लंडचा समावेश असलेल्या 'एफ्टा' देशांशी भारताने १० मार्च २०२४ रोजी केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला असून, त्यानुसार स्विस घड्याळांवरील मूळ सीमाशुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने हटविले जावयाचे आहे. तत्पूर्वी, २२ एप्रिल २०२५ पासून, दहा लाख रुपयांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळाच्या विक्रीवर विक्रेत्याने एक टक्का कर ग्राहकाकडून वसूल करून तो त्याच्या पॅन क्रमांकावर जमा करण्याची तरतूद लागू झाली. हा कर आयकर विवरणपत्रात वजा मिळतो. त्यासाठी पावती सांभाळावी लागतेच; तिच्यावर घड्याळाचा अनुक्रमांक आणि आवृत्तीतील नगाचा क्रमांक दोन्ही लिहून घ्यावेत आणि ते झाकणावरील कोरीव क्रमांकाशी दुकानातच ताडून पाहावेत.